बंधाऱ्याला पैसा, बर्ग्यांना नाही: कोल्हापुरातून दिसणारं तंत्रज्ञान धोरण

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मूळची गडहिंग्लज तालुक्यातली, मेकॅनिकल इंजिनिअर, आता सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करते आहे. तिचं म्हणणं, विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचे कागद वाचले की 'समावेशक', 'तळागाळापर्यंत' असे शब्द पानोपानी भेटतात. पण कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात या धोरणांनी माणसांचं काय झालं, हे नेमकं कुठे बघायचं? आणि ऊसतोडणी यंत्र नि एआय आल्यावर तोडणी मजुरांचं काय होणार?

माझा कामाचा काळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत), साखर कारखान्यांच्या इंजिनिअरिंग विभागांत आणि पुढे योजनांचे प्रकल्प अहवाल तयार करण्यात गेला. धोरण दिल्ली-मुंबईहून निघतं आणि आमच्याकडे अनुदानाचा अर्ज होऊन उतरतं. मी त्या अर्जाच्या टोकाला बसलेला माणूस, त्यामुळे उत्तरही तिथूनच देतो.

आधी सरळ सांगतो. धोरणात काय लिहिलंय यापेक्षा त्यातला पैसा कशावर खर्च करता येतो आणि कशावर येत नाही, ते बघा. आपल्याकडे पैसा वस्तूला मिळतो. यंत्र, इमारत, संगणक, सेन्सर. ती वस्तू रोज चालती ठेवणारा माणूस, ती ज्याच्या रानात किंवा शेडमध्ये येणार त्याची अडचण आणि तिच्यामुळे ज्याचं काम जाणार तो, या तिघांसाठी बहुतेक वेळा लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाची ओळच, नसते. तुम्ही ज्याला सामाजिक परिणाम म्हणता तो मी तरी याच रिकाम्या जागेत घडताना पाहिला आहे.

कागदांचा इतिहास तुम्हाला पाठ असेल, म्हणून भरभर. १९५८ चा वैज्ञानिक धोरण ठराव, १९८३ चं तंत्रज्ञान धोरण निवेदन, मग २००३, २०१३ आणि २०२० च्या अखेरीस आलेला पाचव्या धोरणाचा मसुदा. २०१३ च्या कागदात संशोधनावरचा खर्च सकल उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेण्याची भाषा होती. २०२०-२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा साधारण ३६ टक्के. तो वाटा वाढावा म्हणून २०२३ चा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट ठेवून. जुलै २०२५ मध्ये खाजगी संशोधनाला कमी व्याजाचं, दीर्घ मुदतीचं भांडवल देणारी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. या आकड्यांवर तुमच्या वर्गात भरपूर चर्चा होत असेल. शिरोलीतला चाळीस कामगारांचा फाउंड्रीवाला मात्र या योजनेच्या दारापर्यंतसुद्धा पोचत नाही. त्याच्याकडे संशोधन विभाग नाही. साच्याची वाळू तपासणारा एक डिप्लोमावाला असतो, आणि तोही पगार वाढवून मिळाला की शेजारच्या कंपनीत जातो.

आता कोल्हापूरकडे येऊ. इथल्या सर्वांत यशस्वी तंत्रज्ञानाला आपल्याच जिल्ह्याचं नाव आहे, आणि तरी नवोपक्रमांच्या यादीत ते कोणी घालत नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, खाचांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बर्गे घालून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाच्या तोंडावर ते काढायचे, म्हणजे पुराचं पाणी गाळासकट निघून जातं. धरणासारखी गावं नि जमिनी बुडत नाहीत. पाणी पात्रातच राहतं, काठच्या उपसा योजना त्यावर चालतात, आणि बऱ्याच ठिकाणी वरून माणसांची ये-जाही होते. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा तर सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात जिल्हा ज्या ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे आणि ४३ फुटांच्या धोक्याकडे डोळे लावून बसतो, ती पातळी तिथलीच. ही पद्धत पुढे राज्यभर गेली. कल्पना इतकी साधी, की तिला तंत्रज्ञान म्हणायला आपणच लाजतो.

पण राज्यभर फिरलात तर यातले कितीतरी बंधारे नुसते खांब होऊन उभे दिसतील. बर्गे गंजलेले, वाकलेले किंवा भंगारात गेलेले. कडेचं रबर निघून गेलेलं, त्यामुळे डिसेंबरातच गळती. परतीचा पाऊस लांबला की बर्गे कधी घालायचे यावर खातं आणि गाव यांच्यात ओढाताण: लवकर घातले तर अचानक पाणी वाढून काठ फुटायची भीती, उशिरा घातले तर अडवायला पाणी उरत नाही. तो निर्णय नदी रोज बघणाऱ्या माणसाचा असतो, आणि त्या माणसाची जागा एक तर रिकामी असते किंवा ठेकेदाराकडे. बंधाऱ्याचं भूमिपूजन होतं. बर्ग्यांचं झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरं उदाहरण वारणेचं, आणि ते तुम्ही नीट अभ्यासावं असं मला वाटतं, कारण त्याच्याविषयी बरंच चुकीचं बोललं जातं. १९९८ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने वारणा खोऱ्यातली ७० गावं संगणकांनी जोडायचा प्रकल्प सुरू झाला. गावं कोल्हापूर आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली. खर्चात निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाचा. तेव्हा गावोगावी नीट फोनसुद्धा नव्हते, हे लक्षात घ्या. सांगितलं काय गेलं होतं? शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण, सगळं गावातल्या केंद्रावर.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर यायचा तो साखर कारखान्याच्या कामासाठी. माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, तोडीचा नंबर कधी, बिल किती. आणि तो स्वतः संगणकाला हात लावत नव्हता. केंद्रावरचा ऑपरेटर बघून सांगायचा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला काढून तीच माहिती साध्या मोबाइलवरून एसएमएसने द्यायचा प्रयोग केला. काम तेच झालं, खर्च कितीतरी कमी.

यावर 'प्रकल्प फसला' असा शिक्का मारणारे लेख तुम्हाला सापडतील. मला ते पटत नाही. शेतकऱ्याला काय हवं हे त्याने पहिल्याच हंगामात दाखवून दिलं होतं. त्याचं वर्षाचं उत्पन्न ज्या संस्थेच्या वहीत अडकलेलं, त्या वहीत त्याला डोकावायचं होतं. काट्यावरचं वजन त्याच दिवशी गावात कळणं ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. गडबड झाली ती मोजमापात. किती संगणक बसले, किती गावं जोडली, हे मोजलं गेलं. ऑपरेटरचा पगार पाच वर्षांनी कोण देणार, हा प्रश्न कुठल्या तक्त्यात नव्हता. यश ज्याच्यामुळे मिळालं तो पोरगा अहवालात सापडत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हार्वेस्टर म्हणजे ऊसतोडणी यंत्र. यावर जरा थांबावं लागेल, कारण पुण्या-मुंबईत बसून याची दोनच चित्रं काढली जातात. एक म्हणजे यंत्राने मजुरांची पिळवणूक संपणार. दुसरं म्हणजे यंत्र मजुरांच्या पोटावर पाय देणार. इथलं चित्र या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचं आहे.

ऊसतोड म्हणजे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर, आणि ती जोडीच्या नावावर, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या येतात, मुकादमाकडून हंगामाआधी उचल (आगाऊ पैसे) घेतात आणि ती फेडेपर्यंत बांधलेल्या राहतात. पाळी आणि बाळंतपणात खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांचा बीडमधला प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालं, त्याला कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले. हे सगळं खरं, आणि उशिरा का होईना, बरं झालं.

पण कोल्हापुरात हार्वेस्टरची मागणी कोणी केली? मजुरांची कीव येऊन कोणी केली नाही. इथे टोळी आणायची जबाबदारी वाहतूकदारावर असते, म्हणजे बहुतेकदा कर्जाने ट्रॅक्टर घेतलेल्या गावातल्या तरुणावर. तो मुकादमाला लाखांत उचल देतो. टोळी आलीच नाही, किंवा अर्ध्या हंगामात रातोरात निघून गेली, की पैसे बुडाले. अशा फसवणुकीच्या तक्रारी या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत दर वर्षी पडतात, त्यावर मोर्चे निघाले आहेत. दुसरीकडे शेतकऱ्याला टोळी रानात आणायची तर 'खुशाली' म्हणजे वरचे पैसे द्यावे लागतात, ड्रायव्हरचे तसेच पैसे, म्हणजे 'एंट्री', वेगळे. उशीर झाला तर उसाला तुरे येतात, वजन घटतं, मागचा खोडवा (त्याच बुंध्यातून येणारं पुढचं पीक) लांबतो. तेव्हा यंत्र हवंय ते या दोघांना. त्यांची बाजू खोटी नाही, एवढंच सांगायचं आहे.

धोरणाने काय केलं? राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते अनुदान. यंत्राची किंमत कोटीच्या घरात, म्हणजे उरलेल्या रकमेला तारण देऊ शकणाराच अर्ज करणार. पहिली चाळणी इथेच लागली. पुढची अडचण रानात. यंत्राला सऱ्यांतलं अंतर साडेचार-पाच फूट लागतं, ओळ लांब लागते आणि वळायला बांधालगत जागा लागते. राज्याची सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती. कोल्हापुरात ती त्याहून कमी, आणि भावकीत वाटण्या झालेली रानं गुंठ्यांत मोजायची. तीन फुटी सरीची, वीस गुंठ्यांची पट्टी यंत्राला नको असते. ज्याचं क्षेत्र सलग आणि मोठं, त्याचा ऊस यंत्राने वेळेत जातो. बारक्याला टोळीचीच वाट बघावी लागते, आणि टोळ्या कमी झाल्या की त्याची खुशाली वाढते. हा परिणाम कोणी ठरवून केलेला नाही. पण सलग क्षेत्र करणाऱ्या शेजाऱ्यांच्या गटाला काही सवलत, सरी बदलायचा खर्च, बांधावरची वाट, यांतल्या कशालाही त्या अनुदानात जागा नव्हती, म्हणून तो झाला.

तांत्रिक बाजूही बघा. हार्वेस्टर उसाच्या टिपऱ्या, म्हणजे लहान तुकडे, करतो. कापलेली टोकं जास्त, म्हणून टिपरी लवकर आंबते. काट्यावर गाड्यांची रांग लागली की उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो. उताऱ्यासाठी राज्यात नाव असलेल्या जिल्ह्यात हे कारखान्याला झोंबतं. टिपऱ्यांबरोबर पाचटही येतं, त्याची पाच टक्क्यांच्या आसपासची वजावट शेतकऱ्याच्या वजनातून होते, आणि हा आकडा कसा काढला, हा वाद दर हंगामात नव्याने पेटतो. प्रत्येक खेपेचा नमुना घेऊन पाचट मोजणं अवघड नाही. त्यासाठी काट्यावर माणूस लागतो, एवढंच.

मजुरांचं काय? मोठ्या सलग रानांतली सोपी तोड यंत्राकडे जाते. टोळीच्या वाट्याला पडका ऊस, चढ-उताराची रानं, ओढ्याकाठची पट्टी. टनावर मजुरी असल्याने तेवढाच वेळ राबून टन कमी भरतात आणि उचल फिटायला उशीर लागतो. म्हणजे काम एकदम जाणार नाही. ते आधी जास्त कष्टाचं आणि कमी पैशाचं होईल. यंत्रावर ड्रायव्हर, हायड्रॉलिकचा मेकॅनिक, इन्फिल्डरवाला (तोडलेला ऊस रानातून गाडीपर्यंत वाहणारा) अशी नवी कामं येतात, पण ती इथल्या आयटीआय झालेल्या मुलांना मिळतात. बीडमधल्या धारूरहून तोडीला आलेल्या बाईला त्यातलं काही मिळत नाही. महामंडळाच्या टनामागच्या १० रुपयांचा काही भाग तिच्या दुसऱ्या कामाच्या तयारीसाठी राखून ठेवावा, असं माझं मत आहे. आत्ता तो विचार झाला तर उपयोग, यंत्रं सगळीकडे झाल्यावर नव्हे.

एआयबद्दल थोडक्यात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसावर प्रयोग केले, राज्याने जून २०२५ मध्ये ५०० कोटींचं कृषी-एआय धोरण आणलं, आणि आता इकडचे कारखानेही सभासदांना त्यात ओढताहेत. जमिनीतला सेन्सर, उपग्रहाचं चित्र, हवामान केंद्र, आणि मोबाइलवर सल्ला: आज पाणी द्या, एवढंच द्या. पाणी आणि खत वाचण्याची शक्यता यात खरोखर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण आमच्याकडे पाणी उपसा संस्थेच्या पाळीने येतं, आणि शेतीची थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्रीची. मोबाइल म्हणतो मंगळवारी द्या, पाळी शुक्रवारची. शेतकरी पाळी आली की रान तुडुंब भरून घेतो, कारण पुढची पाळी कधी याचा भरवसा नसतो. सल्ला एकट्या शेतकऱ्याला देऊन उपयोग नाही, तो संस्थेच्या पाटकऱ्याला (पाणी सोडणाऱ्याला) आणि वीज वितरणाला मिळायला हवा. शिवाय कोणाचा ऊस कधी पक्व झाला हे उपग्रहावरून कळू लागलं की तोडीचा कार्यक्रम कोण ठरवणार, लागण तारीख की पडद्यावरचा रंग? नंबर डावलल्याच्या तक्रारीवर इथे कारखान्याच्या निवडणुका फिरतात. हा वाद येणार, आणि 'संगणकाने ठरवलं' हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

फाउंड्रीचा विषय मला जवळचा, तरी आवरतं घेतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घरीच घडवला, त्या गावातल्या मिस्त्री लोकांनी ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक दुरुस्त करता करता हा उद्योग उभा केला. आज तीनशेच्या आसपास फाउंड्र्या, मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडांचं काम, गिऱ्हाईक वाहन, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्हवाले. जागतिक बँक, सिडबी (लघुउद्योग विकास बँक) आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांच्या ऊर्जा बचतीच्या प्रकल्पात देशातले पाच उद्योगसमूह निवडले गेले, त्यात कोल्हापूरच्या फाउंड्र्या होत्या. मी पाहिलेल्या युनिटांत स्वस्त उपाय पटकन झाले: इंडक्शन भट्टीवर झाकण ठेवणं, कॉम्प्रेसरची गळती काढणं. टनामागे सहाशे युनिटच्या आसपास वीज खाणाऱ्या भट्टीत झाकणसुद्धा पैसे वाचवतं. पण झाकण पडलेलं राहावं ही शिस्त भट्टी चालवणाऱ्या मेल्टरची. तो बदलला की झाकण पुन्हा भिंतीला टेकलेलं. मोठी गुंतवणूक तारण असलेल्यांनी केली. चित्र हार्वेस्टरसारखंच.

आणि आता इलेक्ट्रिक वाहनं. या गाड्यांना केंद्राचं अनुदान देणाऱ्या फेम योजनेचा दुसरा टप्पा आधी १०,००० आणि नंतर ११,५०० कोटींचा, त्यानंतर २०२४ ची पीएम ई-ड्राइव्ह योजना १०,९०० कोटींची. पैसा गाडीच्या खरेदीला, बसगाड्यांना, चार्जिंगला. हवेसाठी चांगलंच आहे. पण विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही, फ्लायव्हील नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. मोटरचं आवरण ॲल्युमिनियमचं, आणि ते डाय कास्टिंगने होतं. वाळूच्या साच्याचं आमचं कसब तिथे कामाचं नाही. ट्रॅक्टर आणि अवजड ट्रक अजून बरीच वर्षं लोखंड मागतील, त्यामुळे उद्याच टाळं लागेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण धोरणाच्या एका हाताने जी गाडी आणली तिच्यामुळे ज्या समूहाचं काम घटणार, त्याच्या वाटचालीसाठी त्याच योजनेत वेगळी तरतूद नाही. मोठा कारखानदार ॲल्युमिनियमकडे वळेल किंवा कागलच्या पलीकडे कर्नाटकात जागा बघेल. विजेच्या दरावरून ती भाषा इथे अधूनमधून ऐकू येतेच. जॉबवर्क करणारा, पॅटर्न बनवणारा, फेटलिंगचा (ओतलेला भाग घासून साफ करण्याच्या कामाचा) ठेकेदार यांनी काय करायचं, हे कोणी विचारलेलं मला माहीत नाही.

फेटलिंगचा विषय निघालाच आहे तर, सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी व्हायला वर्षं लागतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार तोवर गावी परत गेलेला असतो. त्याचा आजार कोल्हापूरच्या कुठल्याच आकड्यात येत नाही. अभ्यासाला विषय हवा असेल तर हा घ्या. अवघड आहे, आणि माझ्या माहितीत कोणी हात घातलेला नाही म्हणूनच घेण्यासारखा आहे.

चांगलं उदाहरण नाहीच का? आहे, आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत कामाचं तेच. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या काळ्या जमिनी जादा पाण्याने आणि खताने क्षारपड झाल्या. उपाय पुस्तकात जुनाच: जमिनीखाली चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप, भोवती गाळणी, त्यातून क्षाराचं पाणी मुख्य नळीत आणि तिथून ओढ्याला. पण एकट्या शेतकऱ्याने आपल्या रानात पाइप घातला तर पाणी सोडणार कुठे? शेजाऱ्याच्या रानातून गेल्याशिवाय ओढा येत नाही. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने, गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने, शिवारातल्या शेतकऱ्यांना एकत्र आणलं, मुख्य वाहिनी सामाईक ठेवली, कर्जाची सोय लावली. वर्षानुवर्षं पांढऱ्या पडलेल्या जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या. इथे पाइप कोणताही चालला असता. खरी मेहनत भाऊबंदांच्या सह्या घेण्यात गेली, आणि ती करणारी संस्था गावात आधीपासून होती. सहकाराबद्दल तक्रारी कराव्या तितक्या थोड्या, पण हे काम दिल्लीतून कोणी करू शकलं नसतं. अशा सह्यांच्या मेहनतीला धोरणातून पैसा कसा द्यायचा, हे ज्याला जमेल त्याला मी मानेन.

चपलेविषयी विचारलं नाहीत, तरी कोणीतरी विचारणारच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखवल्या, गदारोळ झाला, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम व कर्नाटकचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी २,००० जोडांचा करार झाला, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. बातमी छान आहे. पण मानांकन भारताच्या हद्दीत चालतं, इटलीत नाही, आणि ते महामंडळांच्या नावावर आहे. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. चप्पल कारागिरांच्या सुभाषनगरमध्ये जाऊन विचारलंत तर कळेल, त्यांच्या धंद्यावर मानांकनापेक्षा २०१५ चा बैल-वळूंच्या कत्तलीवरचा बंदी कायदा जास्त परिणाम करून गेला, कारण तळाला लागणारं जाड कातडं महागलं आणि दुर्मिळ झालं. तो कायदा तुमच्या तंत्रज्ञान धोरणाच्या कपाटात ठेवलेला नसतो, म्हणून धोरणाच्या अभ्यासातून निसटतो. आणखी एक: लहान सुधारणांना झटपट, स्वस्त संरक्षण देणारा उपयुक्तता पेटंटासारखा कायदा चीन, जपान, जर्मनीत आहे, आपल्याकडे नाही. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या मिस्त्रीची सुधारणा पूर्ण पेटंटाच्या कसोटीला उतरत नाही, आणि आठवड्याभरात समोरच्या शेडमध्ये तिची नक्कल निघते. काहींच्या मते अशा नकलेनेच हे शहर वाढलं. त्यातही तथ्य आहे, त्यामुळे मी या बाबतीत ठाम नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. कुठलीही एक योजना घ्या आणि तिचा शासन निर्णय काढा. प्रस्तावना सोडून द्या, मागची प्रपत्रं वाचा. अनुज्ञेय खर्चाच्या बाबी कोणत्या, देखभाल-दुरुस्तीला किती वर्षांसाठी किती, मनुष्यबळावर खर्च करायला परवानगी आहे की नाही. मग लाभार्थी यादी घेऊन अनुदान मिळालेल्याला भेटा, अर्ज फेटाळलेल्याला भेटा, आणि ज्याने अर्जच केला नाही त्याला भेटा. हा तिसरा शोधायला सर्वांत अवघड, आणि सांगण्यासारखं त्याच्याकडे जास्त असतं. यंत्र विकणाऱ्या डीलरशीही बोला. योजना नेमकी कोणत्या मॉडेलच्या मापाने लिहिली गेली, हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

तोडणीवर काम करायचं ठरलं तर हंगाम सुरू होताच जाऊ नका. दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात कोणाला बोलायला वेळ नसतो आणि यंत्रंही नुकती सर्व्हिस झालेली असतात. जानेवारीत जा. तोवर हायड्रॉलिकचे होज फुटायला लागलेले असतात, उचलीचा हिशोब अर्ध्यावर आलेला असतो, बारक्या शेतकऱ्याचा धीर सुटलेला असतो. बायकांशी बोलायचं तर त्या तोडीवरून कोपीवर (झोपडीवर) परतल्यावर जा, बरोबर एखादी बाई असू दे, आणि चुलीपाशी बसून बोला. कारखान्याचा शेतकी विभाग मदतीला आपला चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस) देऊ करेल. त्याला नम्रपणे नको म्हणा. तो शेजारी उभा असला की खुशालीचा खरा आकडा कोणी सांगत नाही.